यीस्ट संसर्गाचे निदान व उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

स्त्रियांच्या योनिमार्गात यीस्ट जातीच्या बुरशीमुळे होणारा दाह हा अत्यंत सामान्य विकार आहे. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात किमान एकदा तरी तो होतो, असे वैद्यकीय ग्रंथांत सांगितले जाते. तथापि देवी, पटकी, प्लेग किंवा क्षय यांना वैद्यकाच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते या विकाराच्या वाट्याला आले नाही. त्याची साथ येत नाही, त्याने गावे ओस पडत नाहीत आणि ज्यांना तो होतो त्यांनी त्याविषयी बोलू नये असाच संकेत रूढ राहिला. मराठीत ‘अंगावरून पांढरे जाणे’ किंवा ‘धुपणी’ या शब्दांत निरनिराळ्या विकारांची एकत्र मोट बांधली गेली, हेही या मौनाचेच एक लक्षण म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखात या विकारावरील औषधाचा इतिहास व त्याच्या निदानाचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून पाहिला आहे. औषध स्त्रियांपर्यंत पोहोचले, निदान मात्र पुष्कळ मागे राहिले, असे त्यातून दिसून येते.

बुरशीची ओळख

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात २० योनिव्यापदांचे विवेचन असून त्यांतील कफज प्रकारात चिकटपणा व कंड ही लक्षणे दिली आहेत. आजच्या यीस्ट संसर्गाशी त्याचा थेट मेळ घालण्याचा मोह होतो. परंतु लक्षणांवरून ओळखलेला रोग आणि जंतूवरून ओळखलेला रोग ही दोन भिन्न वर्गीकरणे आहेत. दुसरे वर्गीकरण सूक्ष्मदर्शकाशिवाय शक्यच नव्हते.

१८३९ मध्ये जर्मनीत बर्नहार्ड लांगेनबेक यांना टायफसच्या एका रुग्णात ही बुरशी आढळली. तीच टायफसचे कारण असावी असा त्यांचा समज झाला. पुढील दशकात पॅरिसमध्ये ग्रुबी आणि स्वीडनमध्ये बर्ग यांनी तान्ह्या मुलांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचा संबंध बुरशीशी जोडला. १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्किन्सन यांनी योनिस्रावात ती पाहिल्याची नोंद केली. १९२३ मध्ये क्रिस्टीन बर्कहाउट या डच संशोधिकेने या गटाला ‘कँडिडा’ हे नाव दिले. प्राचीन रोममध्ये निवडणुकीस उभे राहणारे शुभ्र झगा घालीत. त्या शुभ्रतेचा लॅटिन शब्द आणि ‘कँडिडेट’ हा इंग्रजी शब्द एकाच मुळातले आहेत. ‘कँडिडा अल्बिकन्स’ या नावात पांढरेपणा दोनदा आला आहे, तो असा.

ही बुरशी बाहेरून येणारी शत्रूच असते असे नाही. सुमारे १० ते २० टक्के निरोगी स्त्रियांत ती कोणताही त्रास न देता राहते. १८९२ मध्ये डॉडरलाइन यांनी योनिमार्गातील आम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंचे वर्णन केले आणि शरीरात नैसर्गिकरीत्या वसलेल्या जिवाणूंच्या भूमिकेकडे लक्ष वेधले. गर्भावस्था, अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइड किंवा प्रतिजैविके यांमुळे हे संतुलन बिघडले की बुरशी वाढते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन व त्यामागोमाग इतर प्रतिजैविके आली. त्यांनी जिवाणू मारले. बुरशीला मात्र रान मोकळे मिळाले. तिच्यावर तेव्हा उपाय म्हणजे मुख्यतः जेन्शियन व्हायोलेटचा जांभळा लेप, आणि त्याचे डाग कपड्यांवरून जात नसत.

दोन प्रयोगशाळा आणि टपाल

या उणिवेवरचा पहिला मोठा तोडगा न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील दोन स्त्रियांनी शोधला. मिसिसिपी राज्यात १८८५ मध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ ली हेझन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. लहानपणीच आईवडील गमावल्यावर नातेवाइकांनी त्यांचा सांभाळ केला होता. १८९८ मध्ये जन्मलेल्या रॅचेल फुलर ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ. हेझन न्यूयॉर्क शहरात व ब्राउन सुमारे २४० किलोमीटरवरील ऑल्बनीत काम करीत. त्यांचे सहकार्य १९४८ मध्ये सुरू झाले आणि ते चालले प्रामुख्याने टपालाने. मातीच्या नमुन्यांतील सूक्ष्मजीव हेझन वाढवीत आणि दोन रोगकारक बुरशींवर त्यांचा परिणाम पाहत. आशादायक नमुना काचेच्या बरणीतून ऑल्बनीला जाई. ब्राउन त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे काढीत व ते पुन्हा न्यूयॉर्कला येई. मग उंदरांवर चाचणी. बुरशी मारणारी बहुतेक द्रव्ये उंदरांनाही मारीत, आणि पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ होई.

अखेर जो नमुना उपयोगी ठरला, तो हेझन यांच्या परिचयाच्या नूर्स कुटुंबाच्या व्हर्जिनियातील शेतावरच्या मातीचा होता. त्यातील जिवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसिस नूर्साय’ हे नाव मिळाले. १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधाला ‘निस्टॅटिन’ म्हटले गेले. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते, तर मानवी पेशीपटलात कोलेस्टेरॉल; निस्टॅटिन पहिल्याला चिकटून पटलाला छिद्रे पाडते. ते आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, म्हणून ते तोंड, आतडे व योनिमार्ग यांपुरते उपयुक्त राहिले. स्क्विब कंपनीने ते १९५४ मध्ये बाजारात आणले व १९५७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्यातून मिळालेले १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक स्वामित्वधन दोघींनी स्वतःसाठी न घेता संशोधनाकडे वळविले. १९६६ मध्ये फ्लॉरेन्सच्या महापुरात भिजलेल्या कलाकृतींवरील बुरशी रोखण्यासाठीही निस्टॅटिन वापरले गेले. ही हकीकत सहसा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ज्या असंख्य स्त्रियांची कंड या औषधाने थांबली, त्यांचा उल्लेख त्या मानाने क्वचितच होतो.

औषध पुढे, निदान मागे

१९६९ नंतर क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल आदी अझोल गटातील औषधे आली. अमेरिकेत १९९० मध्ये फ्लुकोनॅझोलला मान्यता मिळाली आणि १९९४ मध्ये योनिमार्गाच्या संसर्गासाठी १५० मिलिग्रॅमची एकच गोळी मान्य झाली. दरम्यान, १९९० च्या अखेरीस तेथे क्लोट्रिमॅझोल डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागले. स्त्रीला स्वतःचा त्रास स्वतः ओळखता येतो, या गृहीतकावर तो निर्णय उभा होता. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असे औषध स्वतःच विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच केवळ यीस्टचा संसर्ग होता. उरलेल्यांत जिवाणूजन्य विकार, मिश्र संसर्ग किंवा कोणताही संसर्ग नसणे, असे निदान झाले.

महाराष्ट्रातील चित्र याच्या उलट टोकाचे होते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. प्रत्यक्ष तक्रार ५५ टक्के स्त्रियांची होती आणि त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अमेरिकेतील स्त्री औषध चुकीचे घेत होती. येथील स्त्रीपर्यंत तपासणीच पोहोचली नव्हती.

प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कृत केली. भारतातील राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात योनिस्रावासाठी हिरव्या रंगाचे क्रमांक २ चे पाकीट ठरविण्यात आले. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल अशी दोन्ही औषधे एकत्र होती. निदान नक्की नसल्याची ही प्रामाणिक कबुलीच होती. तिच्यामुळे अनेकींना उपचार मिळाले. काहींना नको असलेले औषधही मिळाले.

दह्याच्या कवड्यांसारखा, फारसा वास नसलेला स्राव, तीव्र कंड व जळजळ यांवरून यीस्टचा संशय घेता येतो. माशासारखी दुर्गंधी किंवा हिरवट-पिवळा फेसाळ स्राव अन्य विकारांकडे निर्देश करतो. त्रास प्रथमच होत असेल, गर्भावस्था वा मधुमेह असेल, ताप, ओटीपोटात वेदना, व्रण किंवा अनियमित रक्तस्राव असेल, अथवा औषध घेऊनही आराम पडत नसेल, तर तपासणी टाळू नये. गर्भवतीने फ्लुकोनॅझोलची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिच्यासाठी सात दिवसांचा स्थानिक उपचार सुचविला जातो. वारंवार होणाऱ्या संसर्गाची व्याख्या पूर्वी वर्षातून चार वेळा अशी होती. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ती तीन वेळा अशी करण्यात आली. अशा रुग्णांत अल्बिकन्सऐवजी ग्लाब्राटासारखी, फ्लुकोनॅझोलला कमी दाद देणारी जातही असू शकते. ती ओळखण्यासाठी स्राव प्रयोगशाळेत वाढवून पाहावा लागतो आणि त्याकरिता स्त्रीने दवाखान्यापर्यंत यावे लागते.