एक साचा, दोन नावे : जर्मन बाहुल्यांच्या चेहऱ्यांविषयी

एखाद्या साहित्यकृतीला नावे ठेवायची झाली, की आपण मराठीत 'साचेबद्ध' हा शब्द वापरतो. हा शब्द मुळात कारागिराच्या कारखान्यातला आहे, याची आठवण तो वापरताना क्वचितच राहते. मूर्ती, विटा आणि बाहुल्या साच्यातून निघतात. तिथे साचा हा दोष नसतो, ती कामाची पद्धत असते. दोष दिसू लागतो तो पुढे, जेव्हा एकसारख्या वस्तूंचा ढीग समोर येतो आणि त्यांतून 'वेगळी' वस्तू निवडून काढण्याचे काम कुणीतरी अंगावर घेतो. साहित्यात हे काम समीक्षक करतो, बाहुल्यांच्या बाबतीत संग्राहक.

जुन्या युरोपीय बाहुल्यांच्या संग्राहकांत 'डॉली फेस' असा एक शब्द रूढ आहे. टपोरे काचेचे डोळे, गुलाबी फुगीर गाल, किंचित उघडे तोंड आणि त्यातून दिसणारे बारीक दात, असा तो चेहरा. १८९० ते १९३० या काळात तो इतक्या प्रचंड प्रमाणावर निघाला की आज संग्राहक त्याच्याकडे बऱ्याचदा कंटाळूनच पाहतात. त्याच्याविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, हे सारे चेहरे एकसारखेच आहेत. आणि दुसरी, या साऱ्या मुलीच आहेत. या दोन तक्रारी एकमेकींशी बांधलेल्या आहेत आणि त्यांतली दुसरी बरीचशी आपल्या पाहण्यातून आलेली आहे, असे आम्हांला वाटते. ते का, हे दाखवण्यासाठी या चेहऱ्याचा इतिहास थोडा मागून पाहावा लागेल.

१८४०च्या सुमारास जर्मनीत झिलई दिलेल्या चिनी मातीची बाहुल्यांची डोकी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. त्यांचे केस डोक्याबरोबरच साच्यातून निघत आणि नंतर ते बहुधा काळ्या रंगाने रंगवले जात. म्हणजे केशरचना हा साच्याचाच भाग होता. त्या काळी युरोपात लहान मुलगेही चार-पाच वर्षांचे होईपर्यंत, कधी त्याहूनही पुढे, झगेच घालत. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतील मुले ओळखण्यासाठी अभ्यासक एक ठोकताळा वापरतात : भांग मधोमध असेल तर मुलगी, बाजूला असेल तर मुलगा. चिनी मातीच्या डोक्यांनाही हाच ठोकताळा लावला जातो. झगा दोघांचाही सारखाच. फरक सांगणार तो भांग, आणि तो साच्यात कोरलेला. या बाहुलीचे लिंग कारखान्यातच ठरून येत असे आणि पुढे कपडे बदलले तरी ते सहसा बदलत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिलई नसलेल्या, त्वचेसारख्या मंद पोताच्या 'बिस्क' डोक्यांनी ही जागा घेतली. या डोक्यांचा वरचा भाग उघडा ठेवीत; आतून काचेचे डोळे बसवीत, वर झाकण लावीत आणि त्यावर मोहेरच्या किंवा मानवी केसांचा टोप चिकटवीत. कारागिरीच्या दृष्टीने ही एक सोय होती. आमच्या मते तिचा परिणाम मात्र त्याहून मोठा झाला : केस साच्याबाहेर गेले आणि केसांबरोबर लिंगही साच्याबाहेर गेले. आता डोके कुणाचेही असू शकत होते.

याच सुमारास पॅरिसमध्ये बाहुलीचे वयही बदलले. १८६०च्या दशकातील फ्रेंच बाहुली ही प्रौढ, नटलेली स्त्री होती. तिच्यासोबत कपड्यांची आख्खी पेटी विकली जाई. १८७०च्या दशकाच्या अखेरीस एमिल ज्युमो यांच्यासारख्या उत्पादकांनी तिच्या जागी 'बेबे' आणली, म्हणजे लहान मुलासारखी बाहुली. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात ज्युमो यांना सुवर्णपदक मिळाले आणि पुढे बाहुल्यांच्या अंगावर त्या पदकाचा शिक्का उमटू लागला. भाषेच्या अभ्यासकांना इथे एक गंमत दिसेल. फ्रेंचमध्ये 'पूपे', म्हणजे बाहुली, हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'बेबे' मात्र पुल्लिंगी. जर्मन 'पुप्पे'ही स्त्रीलिंगी. इंग्रजी 'डॉल' तर मुळात डॉरथी या नावाचे लाडके रूप. लेस लावलेल्या झग्यातील ही नवी बाहुली सगळ्यांनी मुलगीच मानली, पण तिचे नाव व्याकरणाने तिला पुरते मुलगी होऊ देत नव्हते. मराठीत 'मूल' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून ही अडचण आपल्याला लवकर कळावी.

ज्युमो यांची बेबे महाग होती. तिची स्वस्त आवृत्ती जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात झाली. झोनेबेर्ग, वाल्टर्सहाउझेन आणि आसपासची गावे या धंद्यावर जगत. डोकी कारखान्यात भाजली जात. कागदाच्या लगद्याचे हातपाय, टोप, कपडे अशी कितीतरी कामे घरोघरी होत आणि त्यांत मुलांचेही हात लागत. एकाच्या हाती डोळे, दुसऱ्याच्या हाती टोप, तिसऱ्याच्या हाती शिलाई, अशी ती विभागणी होती. झोनेबेर्गजवळच्या क्योपेल्सडोर्फ येथील आर्मां मार्सेय यांच्या कारखान्याचा ३९० क्रमांकाचा साचा तर इतका चालला, की आजही जुन्या बाहुल्यांच्या कोणत्याही बाजारात मानेमागे हा आकडा सहज सापडतो. या स्पर्धेपुढे टिकाव धरण्यासाठी फ्रेंच उत्पादकांना १८९९ साली एकत्र येऊन एकच कंपनी काढावी लागली. 'डॉली फेस' म्हणून आज जो नाके मुरडण्याचा विषय झाला आहे, तो चेहरा हा असा घडला. त्यात कल्पनेचे दारिद्र्य शोधण्याआधी हे लक्षात घ्यावे, की कोणत्याही टोपाखाली आणि कोणत्याही कपड्यांत चालावा असाच तो चेहरा असायला हवा होता.

खलाशी पोशाख चढवला की तोच चेहरा मुलगा होई. पण तोही पक्का पुरावा नव्हे, कारण शतकाच्या अखेरीस मुलीही खलाशी धर्तीचे कपडे घालू लागल्या होत्या. खेळणारी सारी मुलेही मुलीच नव्हत्या. १८९६ साली अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल आणि ए. कॅसवेल एलिस यांनी बाहुल्यांच्या खेळाविषयी सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मुलगेही बाहुल्यांशी खेळतात, हे त्यात स्पष्टपणे नोंदलेले आहे.

या सर्वसामान्य चेहऱ्याविरुद्ध पहिले बंड संग्राहकांनी केले नाही, ते कलावंतांनी केले. १९०८ साली म्युनिकमध्ये मारिओन काउलित्स यांनी खऱ्या मुलांसारख्या दिसणाऱ्या बाहुल्या मांडल्या आणि बाहुली-सुधारणेची चर्चा सुरू झाली. १९०९ साली वाल्टर्सहाउझेनच्या केमर अँड राइनहार्ट या कंपनीने 'व्यक्तिरेखा बाहुल्या' बाजारात आणल्या. डोकी सिमोन अँड हाल्बिग या कारखान्यात भाजली जात. हे चेहरे रुसलेले, विचारात पडलेले, ओठ घट्ट मिटलेले असत. एखाद्या खऱ्या मुलाला बसवून घडवावेत तसे. आता प्रत्येक बाहुली 'कुणीतरी' झाली, असे आपल्याला वाटेल. पण साचा क्रमांक १०१ पाहा. मुलाच्या कपड्यांत आणि आखूड केसांत त्याचे नाव पेटर. झग्यात आणि लांब केसांत त्याच डोक्याचे नाव मारी. साचा क्रमांक ११४ हा असाच कधी हान्स, कधी ग्रेटशेन. व्यक्तित्वाचा आग्रह धरणाऱ्या या सुधारणेनेही लिंग साच्यात आणले नाही. ते टोपावर आणि शिलाईवरच ठेवले.

केटे क्रूझे यांच्या कापडी बाहुल्यांचीही हीच गोष्ट आहे. १९१० साली बर्लिनमध्ये त्यांच्या बाहुल्या प्रथम प्रदर्शित झाल्या. पहिल्या बाहुलीचा चेहरा सतराव्या शतकातील फ्लेमिश शिल्पकार फ्रांस्वा द्युकेन्वा यांच्या नावावर असलेल्या एका बालमूर्तीवरून घेतलेला होता आणि तो मुलगा-मुलगी दोघांनाही चाले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणलेली 'जर्मन मूल' ही बाहुली त्यांच्या मुलाच्या, फ्रीडेबाल्डच्या, चेहऱ्यावरून घडलेली होती; ती वेण्या घालून मुलगी म्हणूनही विकली गेली. एका खऱ्या मुलाचा चेहरा अनेक घरांत मुलगी होऊन राहिला आणि त्यात कुणाला काही विपरीत वाटल्याचे दिसत नाही.

केमर अँड राइनहार्टच्या रुसक्या चेहऱ्यांना मात्र ग्राहक बेताचाच मिळाला. खप राहिला तो गोंडस, हसऱ्या चेहऱ्यांचा. पुढे १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन निर्यात कोलमडली. या बाहुल्या माळ्यांवर गेल्या, तुटल्या, त्यांचे कपडे कसरीने खाल्ले. त्या पुन्हा खाली आल्या त्या संग्राहकांच्या हाती. अमेरिकेत १९३५ साली बाहुली-संग्राहकांची पहिली मोठी संस्था उभी राहिली, १९४९ साली क्लबांचा महासंघ झाला आणि १९६८ साली कोलमन मायलेकींचा बृहद्कोश निघाला. कोशामुळे खुणा आणि क्रमांक यांची शिस्त आली आणि तिच्याबरोबर श्रेणीही आली. जे खपले ते सामान्य, जे खपले नाही ते दुर्मिळ आणि म्हणून थोर, अशी ती श्रेणी होती. २०१४ साली लंडनच्या बॉनहॅम्स लिलावगृहात केमर अँड राइनहार्टच्या १९०९च्या सुमाराच्या एका बाहुलीला २,४२,५०० पौंड मिळाले. आर्मां मार्सेयच्या ३९०ला आजही त्याच्या अल्पांशानेही किंमत नाही. ज्या चेहऱ्याला मुलांनी कवटाळले तो खाली गेला आणि जो दुकानात मागे राहिला तो वर चढला. साहित्याच्या इतिहासात अभिजात आणि लोकप्रिय यांची वाटणी अशीच झालेली आपण अनेकदा पाहिली आहे.

या श्रेणीचा लिंगाशी थेट संबंध येतो. मुलगा म्हणून सजवलेल्या बाहुल्या कमी सापडतात, म्हणून त्या हव्याशा असतात. १०१ क्रमांकाचे एखादे उघडे डोके, टोप आणि कपडे नसलेले, संग्राहकाच्या हाती आले तर ते पेटर की मारी? मानेवरचा क्रमांक याचे उत्तर देत नाही. उत्तर देतो तो संग्राहक, शंभर वर्षांनी, आपल्या आवडीने किंवा बाजाराच्या कलाने. संग्रहालयाच्या पाटीवर मग एकच नाव लागते आणि ते नाव इतिहासाचे म्हणून वाचले जाते. एखादी मुलगी जिला मारी म्हणून उशाशी घेऊन झोपली असेल, ती काचेमागे पेटर म्हणून उभी असेल. उलटही झाले असेल. इथे हरवते ती त्या मुलीची साक्ष, आणि ती दुसरीकडे कुठेही नोंदलेली नसते. मूळ टोप आणि मूळ कपडे यांना संग्राहक जी किंमत देतात, ती निव्वळ हौस नव्हे. तोच या प्रश्नाचा एकमेव पुरावा आहे.

प्लॅस्टिकच्या युगात चक्र उलटे फिरले. झोनेबेर्गच्या शेजारच्या, पण सीमेपलीकडच्या नॉयश्टाट गावी १९५५पासून 'बिल्ट लिली' ही प्रौढ स्त्रीदेहाची बाहुली बनू लागली. तिच्यावरून १९५९ साली अमेरिकेत बार्बी आली, १९६१ साली केन आला. लिंग पुन्हा साच्यात गेले, या वेळी केसांत नव्हे तर धडात. १९६४ साली जी. आय. जो बाजारात आला तेव्हा त्याला बाहुली म्हणायचे टाळून 'ॲक्शन फिगर' हे नवे नाव काढले गेले, कारण 'डॉल' या शब्दाला मुलगे घाबरतील अशी धास्ती होती. म्हणूनच २०१९ साली मॅटेल कंपनीने आखूड केसांची, वर लांब केसांचा टोप आणि दोन्ही प्रकारचे कपडे देणारी लिंगनिरपेक्ष बाहुली आणली, तेव्हा ती अगदी नवी कल्पना म्हणून गाजली. थुरिंगियातील कारागिराला तिच्यात नवे काही दिसले नसते. फरक इतकाच, की १९०९ साली नाव कारखाना ठरवी आणि २०१९ साली ते मुलाने ठरवायचे होते. हा फरक लहान नाही.

'साचेबद्ध' या शब्दाकडे यानंतर पुन्हा वळावे. एकसारखा चेहरा पाहून आपण समजतो की अर्थही एकसारखाच असणार. ३९० आणि १०१ हे साचे उलट सांगतात. चेहरा जितका सर्वसाधारण, तितके बाकीचे ठरवणे वापरणाऱ्याच्या हाती राही, आणि वापरणारी पिढी गेल्यावर ते जपणाऱ्याच्या हाती जाई. लोकप्रिय कथा, चरित्रे, नाटके वाचताना आम्ही हा धडा लक्षात ठेवू इच्छितो. साच्यात काय होते आणि वरून काय चढवले गेले, हे वेगळे करून पाहावे. चढवणारा कोण आणि केव्हाचा, हे विचारावे. संग्रहालयाच्या पाटीवर 'मुलगी, जर्मनी, १९१०' असे वाचून पुढे जाण्याऐवजी 'साचा १०१. टोप आणि कपडे नंतरचे' एवढे लिहिलेले वाचायला मिळाले, तर बाहुलीच्या इतिहासात तिच्याशी खेळलेल्या मुलासाठीही थोडी जागा उरेल.