दरवेशाचे अस्वल आणि एक चुकीचे नाव

बाजरीची खळी झाली की आमच्या गावात दरवेशी येत असे. माण तालुक्यातले ते गाव, दहिवडी-म्हसवड रस्त्यापासून बरेच आत. वडील तेथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. डुगडुगीचा आवाज कानी पडला की शाळेतली मुले खिडकीकडे पाहू लागत आणि वडील शेवटी पाटी-पुस्तक मिटायला सांगत. पारापुढे काळे, झिपरे अस्वल उभे असे. त्याच्या नाकाडातून ओवलेली दोरी दरवेशाच्या हाती असे. दोरी वर ओढली की अस्वल दोन पायांवर उभे राही, सैल सोडली की खाली बसे. त्याला आम्ही नाच म्हणत होतो.

बायाबापड्या सुपातून धान्य आणत आणि त्या बदल्यात अस्वलाचा एखादा केस मागून घेत. तो ताइतात घालून गळ्यात बांधला की मूल झोपेत दचकत नाही, अशी समजूत होती. भित्र्या मुलांना तर अस्वलाच्या पाठीवरच बसवीत. माझ्या गळ्यात क्रूस होता. तरीही शेजारच्या आजींनी वडिलांच्या नकळत मला एकदा उचलून त्या पाठीवर ठेवले. तो राठ केसांचा स्पर्श आणि दोरीच्या भोकाभोवती घोंगावणाऱ्या माश्या मला अजून आठवतात.

पुढे सेमिनरीत असताना ग्रंथालयातल्या एका विश्वकोशात या अस्वलाचे चित्र दिसले. त्याखालचे इंग्रजी नाव होते ‘स्लॉथ बेअर’, म्हणजे आळशी अस्वल! त्या वर्षी आम्ही नीतिशास्त्रात सात प्रमुख पातकांचा अभ्यास करीत होतो. गर्वापासून आळसापर्यंतची ती यादी वाचकांना धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ असेलच. त्या यादीतले शेवटचे पातक आमच्या पारापुढच्या अस्वलाच्या माथी कोणी मारले, हा प्रश्न तेव्हा मनात आला. त्याचे उत्तर शोधीत गेलो तेव्हा भारतातून थेट ब्राझीलच्या अरण्यात जाऊन पोहोचलो.

स्पॅनिश व पोर्तुगीज लोक अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांना झाडावर उलटा लोंबकळणारा, अतिशय संथ चालीचा एक केसाळ प्राणी दिसला. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने १५२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची थट्टा केली. तेथील स्पॅनिश लोक त्याला उपरोधाने ‘चपळ पेरिको’ म्हणत. तो काय खातो हे न उमगल्याने तो हवेवर जगत असावा, असेही ओव्हिएदोने लिहून ठेवले. आंद्रे तेव्हे या फ्रान्सिस्कन संन्याशाने १५५७ च्या आपल्या पुस्तकात सांगितले की, पाळलेल्या अशा प्राण्याने सव्वीस दिवसांत काही खाल्ले नाही की प्यायले नाही. बिचाऱ्याला त्याच्या झाडाची पाने मिळाली नसतील, ही शंका त्यांना आली नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, १५६० साली, ब्राझीलमधील एका तरुण येशूसंघीयाने आपल्या वरिष्ठांना तेथील प्राणी, वनस्पती व हवामान यांविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. त्याचे नाव जोसेफ द आंशिएता. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. या पत्रात त्यांनी त्या प्राण्याचे स्थानिक नाव दिले आणि त्याच्या संथपणामुळे आपले लोक त्याला ‘प्रेगिसा’ म्हणतात, असेही नोंदविले. पोर्तुगीज धर्मशिक्षणातल्या सात पातकांच्या यादीत आळसाला हाच शब्द आहे. इंग्रजांनीही त्याच अर्थाचा ‘स्लॉथ’ हा शब्द घेतला. अशा रीतीने एका पातकाला चार पाय फुटले.

येथे थोडे थांबून या पातकाकडे पाहिले पाहिजे, कारण ते आपण समजतो तसे नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने त्याचे वर्णन केले आहे. ऐन दुपारी ते संन्याशाला गाठते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते, नजर सारखी खिडकीकडे जाते, आपली खोली, आपले काम, आपले बांधव सारे नकोसे होते आणि कोठेतरी निघून जावे असे वाटते. माणच्या वैशाखातली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात त्याला आत्मिक हिताविषयीची खिन्नता म्हटले. म्हणजे मूळ पातक मंद चालीचे नव्हे, अस्वस्थ पळापळीचे आहे. एकाच झाडाला निष्ठेने बिलगून राहणाऱ्या जिवाला हे नाव द्यावे, यासारखा विपर्यास नाही.

पण एकदा नाव पडले की त्या नावातूनच डोळे पाहू लागतात. लिनिअस यांनी १७५८ साली शास्त्रीय नाव दिले ते ‘ब्रॅडिपस’, म्हणजे मंदगती. ते निदान सौम्य होते. फ्रान्सचे थोर निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी तर, या प्राण्यात आणखी एक दोष असता तर तो जगूच शकला नसता, असा निर्वाळा दिला.

त्याची बाजू घेतली ती चार्ल्स वॉटरटन यांनी. हे इंग्लंडमधले कॅथोलिक जमीनदार. शिक्षण स्टोनीहर्स्टच्या येशूसंघीय विद्यालयात. गयानाच्या रानात ते अनवाणी भटकले, एक स्लॉथ त्यांनी काही महिने आपल्या खोलीतही ठेवला. १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी साधी गोष्ट सांगितली: तुम्ही या प्राण्याला जमिनीवर ठेवून त्याची परीक्षा करता, तो तर फांदीखाली लोंबकळून जगण्यासाठी घडविलेला आहे. झाडावर पाहा, मग बोला. पुढे आपल्या यॉर्कशरमधील इस्टेटीला उंच भिंत घालून याच गृहस्थांनी पक्ष्यांना अभय दिले. प्राण्याला त्याच्या घरी जाऊन पाहावे, ही दृष्टी आपल्या माणदेशालाही परकी नाही. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्या अशाच न्याहाळल्या आणि ‘सत्तांतर’ लिहिले. त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आधुनिक संशोधनाने वॉटरटन यांचे म्हणणे खरे ठरविले आहे. स्लॉथचे अन्न म्हणजे झाडाची पाने. त्यांत सत्त्व थोडे आणि ती पचायला अनेक दिवस, कधी महिनाभरही लागतो. उत्पन्न इतके तुटपुंजे असल्यावर खर्चही तसाच बेताचा हवा. म्हणून त्याच्या शरीराची भट्टी सस्तन प्राण्यांत जवळजवळ सर्वांत मंद जळते. त्याच्या केसांत हिरवे शेवाळ वाढते, त्यामुळे तो पानांत मिसळून जातो. सावकाश हालचालीमुळे गरुडाची नजर त्याच्यावर सहसा जात नाही. साधारण आठवड्यातून एकदा तो मलविसर्जनासाठी खाली उतरतो, आणि पाण्यात उत्तम पोहतो. पूर्वी पिंजऱ्यातल्या निरीक्षणांवरून तो दिवसाचे सोळा तास झोपतो असे मानीत. २००८ साली पनामाच्या अरण्यात मोकळ्या स्लॉथच्या डोक्यावर लहानशी यंत्रे बसवून मोजले, तेव्हा झोप दहा तासांहूनही कमी भरली. आळशीपणा बराचसा पिंजऱ्याचाच होता. आज त्याला खरा धोका आहे तो तुटणाऱ्या अरण्याचा, मोटाररस्त्यांचा, कुत्र्यांचा आणि विजेच्या तारांचा. कोस्टारिकात रस्त्यांवरून झाडाझाडांना जोडणारे दोरांचे पूल त्यासाठी बांधले जात आहेत. पनामाजवळच्या एका चिमुकल्या बेटावरील बुटकी जात तर २००१ साली वेगळी म्हणून ओळखली गेली आणि आज ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

आता आपल्या अस्वलाकडे वळू. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञापुढे भारतातला हा प्राणी आला. लांब वाकडी नखे, झिपरे केस आणि वरचे मधले दोन दात गायब! ब्राझीलच्या स्लॉथलाही लांब नखे असतात आणि पुढचे दात नसतात. शॉ यांनी दोन अधिक दोन केले आणि नाव ठेवले ‘ब्रॅडिपस अर्सिनस’, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ. आपल्याकडे ज्याला जांबुवंताची गोष्ट ठाऊक आहे असे शेंबडे पोरही हे अस्वल आहे म्हणून सांगू शकले असते. पण लंडनमध्ये विचारायचे कोणाला? चूक पुढे दुरुस्त झाली, ते अस्वलच असल्याचे ठरले, शास्त्रीय नावही बदलून ‘मेलर्सस’, म्हणजे मध खाणारे अस्वल, असे झाले. इंग्रजी नावातला आळस मात्र तसाच राहिला.

वास्तविक ते गायब दात म्हणजे कष्टाचे हत्यार आहे. रात्री अस्वल वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते, ओठांचे नळकांडे करते आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घेते. हा फुरफुराट शंभर मीटरहून लांब ऐकू येतो. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे जायला सांगितले आहे. हा आळशी तर रोज रात्री मुंग्यांकडेच जातो! बोरे, जांभळे, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुले यांसाठी तो मैलोगणती हिंडतो. थंडीत लांब झोप घेणाऱ्या अस्वलांपैकीही तो नाही. धावण्यात माणूस त्याच्यापुढे टिकत नाही, आणि अचानक समोर आलेल्या माणसाला तो भयंकर जखमी करतो. विदर्भात मोहफुले वेचायला पहाटे जाणाऱ्या आयाबहिणींना हे चांगले ठाऊक आहे. त्याचा कैवार घेताना त्यांच्या जखमा विसरून चालणार नाही.

आमच्या पारावरचे अस्वल माणचे नव्हतेच. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा तो उघडा माळ लांडग्यांचा आणि सशांचा. अस्वलाला दडायला झाडी हवी. ती याच दोन जिल्ह्यांच्या पश्चिम टोकाला आहे. साताऱ्याचे कोयना अभयारण्य आणि सांगलीकडचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे अस्वल अजून नांदते आहे. दरवेशांकडची पिले अशाच कोठल्या तरी रानातून येत. बहुधा आईला मारून पिलू पळवीत, मग तापल्या सुईने नाकाड भोसकून त्यातून दोरी ओवीत आणि दातही मोडीत. हे सारे मला फार उशिरा कळले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही खेळ चालूच राहिले. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वलांना खेळासाठी शिकविण्यावर व त्यांचे प्रदर्शन करण्यावर बंदी घातली. परंतु ज्याचे पोट त्या दोरीला बांधलेले आहे त्याला नुसती बंदी ऐकवून भागत नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने हे ओळखले. उत्तरेत ज्यांना कलंदर म्हणतात त्या कुटुंबांना तिने दुसऱ्या धंद्यासाठी साहाय्य दिले, मुलांना शाळेत घातले आणि अस्वले आग्र्याजवळच्या आश्रयस्थानात व इतरत्र नेऊन ठेवली. अशी सहाशेहून अधिक अस्वले सुटली. रस्त्यावरचे शेवटचे नाचणारे अस्वल २००९ च्या डिसेंबरात हवाली करण्यात आले. दोरीतून सुटली तरी मोडक्या दातांची ती अस्वले पुन्हा रानात जाऊ शकली नाहीत.

या अस्वलाची आणखी एक रीत मला अलीकडे वाचायला मिळाली. पिले गुहेबाहेर पडू लागली की कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. अस्वलांच्या जातींत ही रीत नेमाने पाळणारी हीच एक. पिलांना धरता यावे म्हणून तेथले केस लांब आणि राठ असतात. आजींनी मला उचलून बसविले ती हीच जागा. ताइतासाठी केस उपटीत, तेही येथलेच.