कुंडलचे गांधीविवाह

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला नांगरांचा कारखाना ज्या ओसाड माळावर आणला, त्या जागेला तेव्हां कुंडलरोड म्हणत. पुढें तिची किर्लोस्करवाडी झाली, आणि १९३० सालीं तेथूनच 'स्त्री' मासिक निघूं लागलें. शहरांतील सुशिक्षित भगिनी तें आवडीनें वाचीत. शेजारच्या कुंडलांतील बहुतेक बायकांना मात्र अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या दारीं सुधारणा आली ती निराळ्या वाटेनें, लग्नाच्या मांडवांतून.

कुंडल तेव्हां औंध संस्थानांत मोडे. १९३९ सालीं श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनीं गांधीजींच्या सल्ल्यानें प्रजेला राज्यकारभार सोंपविला. आपला कारभार आपणच पाहण्याची संवय खेड्यांना तेव्हांपासून लागली. पुढें १९४३ सालीं क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार उभें राहिलें, आणि जी. डी. बापू लाडांची तुफान सेना कुंडलांत तयार झाली.

या प्रतिसरकारनें न्यायनिवाडे केले, तसेच गांधीविवाहही लावले. हुंडा नाहीं, वाजंत्री नाहीं, जेवणावळी नाहींत; वधूवरांनीं एकमेकांस हार घालावे, कीं कार्य झालें! वाचणारी रक्कम वरवर पाहतां किरकोळ वाटेल. पण शेतकऱ्याच्या घरीं मुलीचें लग्न निघालें, कीं सावकाराचा कागद होई आणि जमीन गहाण पडे. तें व्याज फेडतांना बाप खंगे, आणि सासरीं गेलेली मुलगी 'घर बुडविणारी' म्हणून जन्मभर बोलणीं खाई. लग्नाचा खर्च गेला, म्हणजे जमीन टिकली आणि मुलीच्या माथींचा हा डागही पुसला. गांधीजींच्या अहिंसेचा याहून घरगुती अर्थ मला तरी ठाऊक नाहीं.

आतां कोणी विचारील, तळपायांवर काठ्या मारणाऱ्या 'पत्री' सरकारच्या तोंडीं गांधीजींचें नांव कसें शोभलें? प्रश्न रास्त आहे. प्रतिसरकारचे लोक सशस्त्र होते, आणि ही विसंगति झांकण्यांत अर्थ नाहीं. बायकाही या धामधुमींत मागें नव्हत्या. क्रांतिसिंहांची कन्या हौसाताई स्वतः या चळवळींत उतरल्या होत्या. मला वाटतें, हातांत शस्त्र घेतलेल्या माणसांनाही घर मोडायचें नव्हतें, सावरायचें होतें; आणि घर सावरण्यासाठीं शस्त्राचा उपयोग नव्हता.

१९४६ सालीं प्रतिसरकारचें पर्व संपलें. हुंडाबंदीचा कायदा देशांत झाला तो १९६१ सालीं, म्हणजे त्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनीं.