खारपटीतील व्याघ्र-भुंगेरे : उपजाती-नामकरणाचा इतिहास आणि शहापूर-मुरबाडचा प्रदेश

कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये ‘सिसिंडेला’ हे वंशनाम प्रचारात आणले. त्या नावाखाली येणाऱ्या व्याघ्र-भुंगेऱ्यांच्या उपजातींचा प्रश्न मात्र अद्यापही पुरता मिटलेला नाही. हे भुंगेरे लांब पायांचे, मोठ्या डोळ्यांचे व कोयत्यासारखे जबडे असलेले शिकारी कीटक होत. त्यांच्या अळ्या जमिनीत उभे बीळ करून त्याच्या तोंडाशी भक्ष्याची वाट पाहतात आणि पाठीवरील कुबडाच्या आकड्यांनी बिळाच्या भिंतीस घट्ट धरून राहतात. त्यामुळे मातीचा पोत, तिच्यातील ओलावा व क्षार यांच्याशी या प्राण्याचे आयुष्य जखडलेले असते.

या प्रश्नाचे स्वरूप अमेरिकेच्या वाळवंटी खारपटींत विशेष स्पष्टपणे दिसून येते. जॉन लेकाँत याने १८७९ मध्ये वायोमिंगमधील ‘विलिस्टोनाय’ या जातीचे वर्णन केले. पुढे लष्करी अभियंता थॉमस केसी याने १८९७ मध्ये ‘एको’, व बर्लिनचा वैद्य वाल्टर होर्न याने १९०० मध्ये ‘स्यूडोसेनिलिस’ ही नावे दिली. डेथ व्हॅलीच्या परिसरातील ‘प्रीडिक्टा’ हे रूप नॉर्मन रंप याने १९५६ मध्ये उपजाती म्हणून वर्णिले. आज ही सर्व रूपे एकाच जातीच्या उपजाती मानली जातात. याची कारणमीमांसा भूशास्त्रात सापडते. हिमयुगातील विस्तीर्ण सरोवरे आटत गेली, काठावरचे कीटकसमूह परस्परांपासून तुटले, आणि प्रत्येक खारपटीत पंखकवचांवरील पांढऱ्या खुणांची रुंदी व रंगछटा निरनिराळी होत गेली.

तथापि खुणांतील फरक हा एकट्याने पुरेसा पुरावा ठरत नाही. एकाच समूहातही त्या खुणा कमीअधिक असतात. दोन रूपांच्या सीमेवर मधली रूपे आढळतात की नाही, हे तपासल्याविना जाती कोणती व उपजाती कोणती याचा निर्णय होऊ शकत नाही. केसीने १९१६ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेला नेब्रास्कातील ‘लिंकनियाना’ हॅरल्ड विलिस याने १९६७ मध्ये ‘नेव्हाडिका’ या जातीची उपजाती ठरविला. हा निबंध कॅन्सस विद्यापीठाच्या विज्ञान-पत्रिकेत आला होता. २००५ मध्ये त्याच उपजातीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. एका विद्यापीठीय पत्रिकेतील वर्गीकरण अशा रीतीने एका दलदलीच्या भवितव्याशी जोडले गेले.

भारतातील अभ्यासाचा पाया डब्ल्यू. डब्ल्यू. फाउलर याच्या १९१२ च्या ग्रंथाने घातला. एमिल रिव्हालिए याने १९६१ मध्ये भारत व मलाया प्रदेशांतील सिसिंडेलांची अनेक वंशांत फाळणी केली, तर अ‍ॅकियाव्हाटी व पिअर्सन यांनी १९८९ मध्ये भारतीय उपखंडातील जातींची सविस्तर फेरतपासणी प्रसिद्ध केली. भारतीय जातींवरही विपुल लेखन करणाऱ्या होर्नचा संग्रह आज जर्मनीत म्युन्शेबर्ग येथे आहे.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व निराळे आहे. येथे वाळवंट नाही, खारपटही नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा काळा पाषाण व नद्यांचे काठ आहेत. भातसा काळूस मिळते, काळू उल्हासेस, आणि उल्हास शेवटी वसईच्या खाडीत विसावते. म्हणजे गोड्या पाण्यापासून खाऱ्यापर्यंतचा मार्ग येथे अखंड आहे. वाळवंटात एक खारपट दुसरीपासून पूर्ण तुटलेली असते. या खोऱ्यात मात्र घाटपायथ्याचे व खाडीकाठचे समूह परस्परांत मिसळण्याचा संभव गृहीत धरावा लागतो. दोन टोकांचे दोन नमुने पाहून नवे नाव देणे येथे धाडसाचे ठरेल. मधल्या काठांवरील नमुने आधी जमविणे अवश्य आहे.

यासाठी नमुन्यावरील चिठ्ठी निःसंदिग्ध हवी. ‘मुंबई’ या शब्दाने शहर दर्शविले जाते, तसा जुना इलाखाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या चिठ्ठीवरील नुसत्या ‘ठाणे’ या शब्दात डहाणूचा किनारा व मुरबाडचा घाटपायथा दोन्ही सामावतात. गाव, नदीकाठ, माती व दिनांक यांची नोंद नसेल, तर नमुना कितीही सुबक असला तरी उपजातीच्या निर्णयास तो निरुपयोगी होय. नदीचा काठ धरणाखाली गेला, तर त्या काठाची साक्ष त्या चिठ्ठीपुरतीच उरते.