रजा कुणाकडे मागायची?

म्हसवडच्या बाजारात भाजी विकणारी किंवा सांगलीत घरीच शिलाईकाम करणारी बाई बाळंतपणाची रजा कुणाकडे मागणार? माझं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतंय. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं. त्याच्या बाजूने बोलताना डॉ. आंबेडकरांनी (त्यांचं बालपण साताऱ्यातलं, बरं का) मान्य केलं, की हा भार खरं तर बराचसा सरकारने उचलायला हवा; पण तेवढ्याने मालक सुटत नाही. १९२९ च्या कायद्याने पैसे मालकावरच टाकले. १९६१ च्या कायद्यानेही तेच केलं; २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी १२ आठवड्यांचे २६ झाले, एवढंच. गोची इथेच आहे. जिला मालकच नाही, तिला यातलं काहीच लागू नाही.

तिच्या वाट्याला येते मातृवंदना योजना: पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. २६ ने भागून पाहा, आठवड्याला दोनशेही पडत नाहीत. मग रजा म्हणजे तिने आधीच बाजूला टाकलेले पैसे. म्हसवडमध्ये १९९७ पासून माणदेशी महिला बँक आहे, त्यामुळे ते ठेवायला जागा तरी आहे. सरकारचा वाटा किती, हा १९२८ चा मुद्दा अजून तिथेच आहे.