न लावलेल्या तारेची वाट



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तिकोणा पेठेत जोराचा पाऊस लागला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. संध्याकाळी चार-पाच पोरं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकायला येतात. लाईट आली की मशीन पुन्हा सुरू करायचं, आणि ते सुरू व्हायला पाच मिनिटं! काळ्या पडद्यावर एकच ओळ, तिच्यापुढे सेकंद मोजणं चाललेलं. एकदा ती पाच मिनिटं पुरी व्हायच्या आतच लाईट पुन्हा गेली. पोरं उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दोघंच आली.

भाच्याला फोन लावला. त्यानेच मला लिनक्स घालून दिलं होतं.

"मामा, मागे इंटरनेटची केबल लावलीय का?"

"इथे कुठली केबल? मोबाईलवरच चालतं सगळं."

"मग मशीन केबलचीच वाट बघतंय!"

इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे 'हे असं का?' विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. शोधत गेलो. इथरनेटचा जन्म १९७३ चा, अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये नेटवर्क कार्ड चालू-बंद करणारी 'इफकॉन्फिग' ही आज्ञा आली. तेव्हाची ही यंत्रं भिंतीतल्या तारेला बांधलेली, जागची न हलणारी. पुढे तर फायलीसुद्धा दुसऱ्याच यंत्रावर ठेवायची सोय झाली. मग आधी नेटवर्क आणि नंतर बाकीचं, हे ओघानेच आलं. १९९३ मध्ये डीएचसीपीचा नियम ठरला : यंत्राने सुरू होताना 'मला पत्ता कोण देतं?' असं नेटवर्कवर पुकारायचं, उत्तर नाही आलं तर पुन्हा पुकारायचं. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने ही सगळी रीत वारशात घेतली.

आपल्याकडे मात्र गंमत वेगळी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते टेलिफोनवरून. हवं तेव्हा मोडेमने नंबर फिरवायचा, काम झालं की ठेवायचा. घरचं मशीन सुरू होताना कोणाची वाट बघत नसे. म्हणून तर मला हा प्रकार एवढा चमत्कारिक वाटला.

वाट बघणं जुनंच, पण पूर्वी ते मुकाट्याने चालायचं. २०११ च्या उबुंटूमध्ये 'नेटवर्कसाठी थांबलो आहे' असा निरोप पडद्यावर दिसू लागला. २०१० मध्ये आलेल्या सिस्टमडीने तर कोण कोणासाठी किती वेळ अडलंय, ते सेकंदांसकट सांगायला सुरुवात केली. लोक सिस्टमडीला फार शिव्या घालतात. मला तरी तिचं हे मोठं काम वाटतं. उशीर कशाने होतोय ते कळलं तर पुढचं काही करता येतं ना!

माझ्या डेबियनमध्ये दोष निघाला तो भाच्याच्याच हातचा. त्याच्या घरी मशीनला केबल होती, म्हणून 'इंटरफेसेस' नावाच्या फायलीत त्याने 'ऑटो' आणि पुढे कार्डाचं नाव अशी ओळ लिहिली होती. ऑटो म्हणजे सुरू होतानाच हे कार्ड उठव. त्या ओळीच्या आधी # ही खूण टाकली, झालं. खालच्या ओळी तशाच ठेवल्या, म्हणजे कधी केबल आलीच तर 'इफअप' म्हणून कार्ड हाताने उठवता येईल. 'एलओ' नावाची ओळ मात्र चुकूनही हलवू नका, यंत्र स्वतःशी बोलतं ते तिच्यावरून. कार्डाचं नावही आधी बघून घ्या. २०१३ पासून सिस्टमडी 'ईटीएच-शून्य'ऐवजी लांबलचक नावं देते. जुन्या रेडहॅटमध्ये हेच काम 'ऑनबूट' पुढे 'नो' लिहून व्हायचं, आणि नेटप्लॅन असलेल्या उबुंटूत त्या कार्डाखाली 'ऑप्शनल : ट्रू' लिहावं लागतं.

काही जण नेटवर्कची वाट बघणारी अख्खी सेवाच बंद करा म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या यंत्राच्या फायली खरोखरच तारेपलीकडे आहेत, त्याने थांबायलाच हवं.

आता मशीन पाऊण मिनिटात उठतं. परवा तासाभरात तीनदा लाईट गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी आत चहा टाकत होतो. बाहेर येऊन बघतो तर धाकट्याने स्वतःच बटण दाबलं होतं आणि 'ज्ञ' कुठल्या कळीवर आहे यावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं.