गुडघ्यामागची धमनी

अंजूरचे गंगाजी नाईक म्हटले, की वसईची मोहीम आठवते. मे १७३९ मध्ये किल्ला चिमाजी अप्पांना शरण आला. पण त्यापायी हजारो मराठे मेले वा जखमी झाले. अशा लढाईत गुडघ्याला गोळी लागलेल्याचे दैव मोठे कठीण. गुडघ्यामागच्या खळग्यातून एकच मोठी धमनी पोटरीकडे उतरते. ती तुटली, की पाऊल थंड पडते आणि सुमारे सहा तासांत पायाची आशा मावळू लागते.

धमनी बांधली तर रक्त थांबते, प्राण वाचतो. पण पाय? १७८५ मध्ये लंडनच्या जॉन हंटरने याच धमनीच्या फुगवट्यासाठी मांडीतली धमनी बांधली, आणि रोग्याचा पाय वाचला. फुगवटा सावकाश वाढतो. तोवर आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावतात. गोळी तेवढी सवड देत नाही. दुसऱ्या महायुद्धात ही धमनी दुखावलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी शेकडा ७२ जणांचे पाय कापावे लागले.

वास्तविक रक्तवाहिनी शिवण्याची रीत फ्रान्सच्या अलेक्सी कारेलने १९०२ मध्येच दाखवली होती. १९१२ चे नोबेल पारितोषिकही त्याला मिळाले. रणभूमीवर ती रुळली कोरियाच्या युद्धात, १९५० नंतर. पाय गमावण्याचे प्रमाण शेकडा ३२ वर आले. धमनीचा तुकडाच गेला असेल, तर रोग्याच्या दुसऱ्या पायातली शीर काढून मध्ये जोडतात.

आज अंजूरच्या वाटेवर तोफा नाहीत, मोटारी आहेत. अपघातात गुडघा निखळून पाऊल थंड पडले, तर लेप लावीत बसू नये. थेट मोठे इस्पितळ गाठावे. शिवणारे हात आज आहेत, पण घड्याळ कुणासाठी थांबत नाही.